मदत हवी आहे: टीएन-सेकमध्ये अत्यावश्यक जनुकं जरा जास्तच दिसताहेत

पेट्रीबशी:
टीएन-सेक म्हणजे जिवाणूच्या जीनोममध्ये जागोजागी ट्रान्सपोझॉन (स्वतःला घुसवणारा डीएनएचा तुकडा) बसवायचा आणि तो कुठे टिकत नाही यावरून जगायला अत्यावश्यक जनुकं ओळखायची. माझा जिवाणू ई. कोलाय के-१२, ट्रान्सपोझॉन हिमार१, निवड कॅनामायसिन या प्रतिजैविकावर. ८० हजार कॉलनी खरवडून एकत्र केल्या. सीक्वेन्सिंगमध्ये ६५ हजार वेगवेगळ्या जागी ट्रान्सपोझॉन मिळाला. एकही न मिळालेलं जनुक अत्यावश्यक धरलं तर आकडा ४५० च्या पुढे जातो. केइओ संग्रहात (ई. कोलायची जनुकं एकेक काढून केलेला संच, २००६) न काढता आलेली जनुकं ३०३ होती. जास्तीची बहुतेक छोटी आहेत. उलट एफटीएसके हे पेशीविभाजनाचं अत्यावश्यक जनुक माझ्या यादीतच नाही!

जनुकखोर:
लायब्ररी (वेगवेगळ्या जागी ट्रान्सपोझॉन बसलेल्या म्युटंटांचा संच) विरळ आहे. हिमार१ डीएनएतल्या टी-ए (टीए) या सलग अक्षरांच्या जोडीवरच बसतो आणि के-१२ मध्ये अशा जागा दोन लाखांहून जास्त. म्हणजे तुमच्या भरल्या जेमतेम ३०%. पाच टीए असलेलं, अजिबात गरजेचं नसलेलं जनुकही निव्वळ योगायोगाने रिकामं राहण्याची शक्यता ०.७ चा पाचवा घात, सुमारे १७%. दहा जागा असतील तर ३%. ८५% जागा भरायच्या तर चारेक लाख स्वतंत्र कॉलनी लागतील. तोवर दहापेक्षा कमी टीए असलेल्या जनुकांवर निकालच देऊ नका.

रिबोसोम:
एफटीएसके गळालं ते 'एकही नाही' या निकषामुळे. त्याच्या प्रथिनातल्या १३२९ अमिनो आम्लांपैकी पेशीविभाजनाला सुरुवातीची सुमारे २०० च लागतात, पुढे ट्रान्सपोझॉन बसला तरी पेशी जगते. त्यामुळे जनुकाची सरासरी न बघता सलग रिकामा पट्टा शोधा. टोकाचे ५ ते १०% मात्र आधीच वगळा, तिथली घुसखोरी बऱ्याचदा खपून जाते.
ऑपेरॉनही (एकत्र वाचल्या जाणाऱ्या जनुकांची रांग) तपासा. मागच्या जनुकात बसलेला ट्रान्सपोझॉन पुढच्याचंही वाचन तोडतो, म्हणून पुढचं जनुक अत्यावश्यक असेल तर मागचं गरजेचं नसलेलं जनुकही रिकामं दिसतं. ट्रान्सपोझॉनमधल्या कॅनामायसिनरोधक जनुकाचं वाचन पुढे जात असेल, तर एकाच दिशेच्या घुसखोरी टिकलेल्या दिसतील. तोच पुरावा.
आणि येफएम यादीत आलं तर हुरळू नका. ते अँटिटॉक्सिन (पेशीच्याच विषाला निकामी करणारं) आहे, योईबी हे ते विष (टॉक्सिन) काढलं की त्याची गरज संपते.

पेट्रीबशी:
गोठवलेल्या साठ्यातून पुन्हा वाढवताना किती घ्यायचं?

जनुकखोर:
प्रत्येक म्युटंटच्या किमान १०० पेशी. चार लाखांना चार कोटी. ओडी (गढूळपणाचं माप) १ च्या कल्चरचे १०० मायक्रोलिटर पुरून उरतात. पीसीआरलाही (सीक्वेन्सिंगआधी डीएनएच्या प्रती काढताना) हाच हिशोब. १ नॅनोग्रॅम डीएनएत सुमारे दोन लाख जीनोम, म्हणून निदान २०० नॅनोग्रॅम घ्या, नाहीतर लायब्ररी तिथेच गळते. वाढ मात्र मोजक्या पिढ्यांवर थांबवा. जास्त वाढवलं की हळू वाढणारी म्युटंटं दिसेनाशी होतात आणि त्यांची जनुकंही अत्यावश्यक वाटायला लागतात.