मदत हवी आहे : जहाजांच्या भागांचे मराठी शब्द

नमस्कार मंडळी. डच चित्रकार विलेम व्हान दे वेल्दे (धाकटा) याच्या 'खाउडन लेउव' ('सोनेरी सिंह') या १६८६च्या चित्रावर मराठीत लिहिते आहे. अ‍ॅमस्टरडॅमचं एय बंदर, मध्ये त्याच नावाचं, डच नौसेनापती ट्रॉम्पचं जुनं लढाऊ जहाज, भोवती छोट्या होड्या आणि मागे शहराचे मनोरे. चित्रकाराचे वडील जहाजांची बारीक रेखाटनं करायचे, मुलगा रंगवायचा. त्यामुळे दोरन् दोर खरा वाटतो, आणि म्हणूनच शब्द चुकवायचा नाही.

डोलकाठी, शीड, सुकाणू, नांगर हे जमलं. पुढे अडले. नाळेवरून (जहाजाच्या पुढच्या टोकावरून) पुढे तिरका झेपावणारा सोट, त्याला काय म्हणतात? वारा पडल्यावर सैल लोंबणाऱ्या शिडासाठी एखादा शब्द आहे का? आणि सर्वांत अवघड म्हणजे उथळ पाण्यातल्या सपाट तळाच्या डच होड्यांच्या दोन्ही कुशींना लावलेल्या फळ्या. होडी वाऱ्याने बाजूला सरकू नये म्हणून वाऱ्याच्या आडची फळी पाण्यात सोडतात. आपल्याकडे असं काही असतं का?

मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरीकडच्या कुणी घरातल्या जुन्या तांडेलांना (होडीच्या म्होरक्यांना) विचारून सांगाल का? बोलीतला शब्द असेल तर तोच हवा, कोशातला नको.