शेल्फवर एक किंमत अन् बिलात दुसरी, दुकानदाराला कोणत्या किमतीला माल द्यावा लागतो?

कोथरूडकर:
रविवारी घराजवळच्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो, मिक्सरच्या खाली शेल्फला कागद लावलेला २१९९ अन् काउंटरवर स्कॅन केला तर २७९९. कॅशियर म्हणाली ऑफर संपली, टॅग काढायचा राहिला. मी म्हटलं मग ते तुम्ही बघा, मला २१९९ ला द्या, तर सुपरवायझर आला न् म्हणतो घ्यायचा तर याच रेटने घ्या. मिक्सर तिथेच ठेवला, बाकीचं सामान घेतलं, घरी येऊन बघतो तर बेडशीटच्या पाकिटावर स्टिकर ६४९ चं आणि बिलात ७४९! लावलेल्या किमतीला द्यायलाच पाहिजे असा कायदा आहे का? मेव्हणा छातीठोक सांगतोय की आहे.

तुळशीबाग_फॅन:
आमच्याकडे या, टॅगच नसतो. ते पाचशे म्हणणार, आपण दोनशे म्हणून चालायला लागायचं, मागून हाक येतेच 😄

वकीलबाई:
मेव्हणे अर्धे बरोबर आहेत. मिक्सरचं काही होणार नाही. शेल्फवर किंमत लावून माल मांडणं म्हणजे गिऱ्हाइकाला नुसतं आमंत्रण, तुम्ही काउंटरवर नेता तेव्हा विकत घ्यायचा प्रस्ताव तुमचा असतो आणि तो नाकारायचा हक्क दुकानदाराला आहे. इंग्लंडची १९५३ ची बूट्स औषध दुकानाची केस आहे ना, तीच आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यासोबत शिकवतात. बेडशीटचं मात्र वेगळं, तिथे पैसे घेऊन झालेत. मालावर किंवा पाकिटावर लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्याची सरळ तक्रार करता येते.

काउंटरवाला:
मी अशाच दुकानात काम केलंय, मुद्दाम कोणी करत नाही हो बहुतेक वेळा. ऑफर सिस्टीममध्ये रात्रीच बदलते आणि शेल्फवरचे कागद सकाळी दोन पोरं बदलत फिरतात, त्यात एखादी रांग राहतेच, आणि बिल बारकोडवरून बनतं त्यामुळे कॅशियरला काय लिहिलंय ते दिसतच नाही. पण सुपरवायझरला रेट एडिट करता येतो, शांतपणे टॅगचा फोटो दाखवला तर देतात पण. आवाज चढवला की मग नियम आठवतात त्यांना.

पेठेतला:
मुद्दाम करत नाही म्हणता, मग चूक दर वेळी दुकानाच्याच फायद्याची कशी?? कमी लागलेलं बिल आजवर बघितलं नाही मी.

कोथरूडकर:
@वकीलबाई पण त्या बेडशीटवर एमआरपी ८९९ छापलीय, मग ७४९ घेतले तर चालतं असं म्हणतील ना ते?

वकीलबाई:
म्हणतील, पण एमआरपी ही वरची मर्यादा, तिच्या वर विकलं तर वजनमापे खात्याचा विषय. तुमचा मुद्दा त्याहून साधा आहे, त्यांनी स्वतः ६४९ लावले आणि जास्त घेतले. आणि एक बघा, कमी किमतीचं स्टिकर लावायला परवानगी आहे पण त्याने कंपनीची छापील एमआरपी झाकली जाता कामा नये, झाकलीय का? आधी दुकानात बिल घेऊन जा, शंभर रुपये बहुतेक तिथेच परत मिळतील. नाही दिले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात गेलात तरी ५ लाखांपर्यंतच्या केसला फी नाही.

तुळशीबाग_फॅन:
शंभर रुपयांसाठी आयोग 🙏 पेट्रोलच जास्त जाईल

पेठेतला:
जाऊ दे गेलं तर. ग्राहक पंचायत, ग्राहकांची संघटना, १९७४ ला पुण्यातच सुरू झालीय, उगाच नाही.

कोथरूडकर:
एमआरपी झाकलेली नाही. पण पाकीट आईने जुन्या साड्या ठेवायला घेतलंय, थांबा, आधी फोटो काढतो.