शब्दचर्चा : राजा हयात, गादीही त्याचीच, पण कामं मुलगा करतो. याला मराठीत काय म्हणायचं?

टिळकरस्ता :
दिवाळी अंकासाठी एक लेख लिहून देतोय. विषय आहे युरोपातले म्हातारे राजे आणि त्यांचे वारस. गादी सोडायची नाही, पण झेपत नाही म्हणून एकेक काम मुलाकडे द्यायचं, ही जी मधली अवस्था असते तिला नेमका शब्द कोणता?

एलिझाबेथ राणीचंच घ्या. आधी लांबचे विमानप्रवास बंद झाले. २०१७ च्या नोव्हेंबरात लंडनच्या युद्धस्मारकावर तिचं पुष्पचक्र चार्ल्सने वाहिलं, ती बाल्कनीतून बघत उभी होती. १० मे २०२२ ला संसदेच्या उद्घाटनाचं भाषणही त्यानेच वाचलं. अशा वेळी आपण सहज लिहून जातो, 'राणीने कारभार युवराजांच्या हाती सोपवला.' वाक्य कानाला गोड आहे, पण मी तिन्ही शब्दांपाशी अडलोय. राणीकडे कारभार होता कुठे? त्र्याहत्तरीतला युवराज असतो का? आणि 'सोपवला' म्हटलं की विषय संपतो. इथे तो वर्षानुवर्षं चालला होता.

नारायणपेठी :
'अतिरिक्त कार्यभार.' कुठल्याही सरकारी कचेरीत जा, दारावरच्या पाटीखाली चिकटवलेला कागद सापडेल. प्रभारी राजे, भेटण्याची वेळ दुपारी ३ ते ५, सोमवारी दौऱ्यावर.

गुळांबा :
'युवराज'पुरतं बोलते. युवन् आणि राजन्, इथे वय आहे ते फक्त शब्दाच्या जन्मापुरतं. पुढे ते पद झालं, आणि पदाला वय नसतं. अयोध्याकांड आठवा. राम थोरला, म्हणून वारस तो होताच. पण युवराज नव्हता. त्यासाठी वेगळा अभिषेक ठरला, आणि घोळ झाला तो त्या अभिषेकावरून. दशरथ सभा बोलावतो आणि कारण काय सांगतो? पांढऱ्या छत्राच्या सावलीत हे शरीर जीर्ण झालं, आता मुलाला प्रजेच्या कामाला लावून विसावा घ्यावा म्हणतो. टिळकरस्ता, तुम्ही विचारताय ती अवस्था हीच. तिचं नाव 'यौवराज्य'. राजा राजाच असतो आणि युवराजाकडेही राज्याचा वाटा असतो. नुसत्या वारसाला युवराज म्हणून म्हणून आपण त्या शब्दात पाणी घातलं.

कोथरूड_डेपो :
'यौवराज्य' वाचून दिवाळी अंकाचा वाचक थेट चकलीच्या डब्याकडे वळेल. आणि 'युवराज'ची आजची अवस्था बघा. एक तर चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा घेत उभा असतो, नाहीतर पुढाऱ्याच्या मुलाला टोमणा म्हणून अग्रलेखात. सरळ अर्थाने तो आता वापरवत नाही.

गुळांबा :
फ्लेक्सवाल्यांना घाबरून शब्द सोडायचे तर 'कार्यसम्राट'मुळे अशोकालाही सम्राट म्हणता यायचं नाही.

मोडीवाचक :
पुण्यात बसून 'मुतालिक' कुणालाच आठवू नये? मराठेशाहीत मोठ्या अधिकाऱ्याच्या वतीने काम बघायचा तो मुतालिक, आणि त्याचं काम ती मुतालकी. पद, मान, उत्पन्न ज्याचं त्याच्याकडे, कागदावर मात्र हात मुतालिकाचा. आडनाव म्हणून शब्द अजून जिवंत आहे, अर्थ तेवढा विसरलाय.

लक्झेंबर्गसाठी दुसरा शब्द शोधूच नका. तिथे थकलेला ग्रँड ड्यूक मुलाला जे पद देतो त्यात 'लेफ्टनंट' आहे. फौजेतला नव्हे, मूळ फ्रेंच अर्थाचा, म्हणजे दुसऱ्याची जागा धरणारा. त्या घरात ही तीन पिढ्यांची रीत आहे. शार्लोटने १९६१ मध्ये मुलाला, जाँला नेमलं आणि १९६४ मध्ये गादी सोडली. जाँने १९९८ मध्ये आँरीला नेमलं, २००० मध्ये सोडली. आँरीने ऑक्टोबर २०२४ मध्ये गियोमला नेमलं आणि ३ ऑक्टोबर २०२५ ला तोही बाजूला झाला. आधी मुतालकी, मग गादी. गाजावाजा नाही.

अशा कागदात मी आधी शिक्का बघतो. आपल्या जुन्या पत्रांत माथ्याला शिक्का आणि शेवटी मोर्तब. 'मर्यादेयं विराजते', म्हणजे मजकुराची हद्द इथे संपली, खाली कुणी ओळ घुसडू नये. शिक्कामोर्तब हा शब्द तिथलाच. शहाजीराजे हयात असताना शिवरायांची स्वतःची मुद्रा होती. 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः' ही तिची सुरुवात पाठ असते सगळ्यांना, पण पुढचं 'शाहसूनोः' घाईत निसटतं. मुद्रा आपली आणि तिच्यात नाव वडिलांचंही. असा मुलगा मुतालिक नव्हे, तो स्वतंत्रपणे उभा राहिलेला वारस. चार्ल्सचं उलट. सत्तर वर्षं वारस, पण जिथे उभा राहिला तिथे आईच्या शिक्क्याने.

टिळकरस्ता :
हे २०२२ च्या त्या भाषणात उघड दिसतं. राणी स्वतः वाचायची तेव्हा शब्द असायचे 'माझे सरकार अमुक करेल'. चार्ल्सने प्रत्येक ठिकाणी 'महाराणींचे सरकार' असं वाचलं. मुकुट त्याच्या डोक्यावर नव्हता, समोर गादीवर ठेवलेला होता. (मराठीची गंमत बघा. मुकुटाखालची उशीही गादी आणि राज्यही गादी.) तो बसला होता ते आसनही राज्यकर्त्याचं नव्हे, जोडीदाराचं. बरं, अधिकार त्याच्या एकट्याकडेही नव्हता. राणीने लेखी आदेशाने तो चार्ल्स आणि विल्यम दोघांना मिळून दिला होता.

दुय्यम_निबंधक :
मोडीवाचक, मुतालकी मान्य, पण एक फट राहते. मुतालिक म्हणा की मुखत्यार, तो नेमायला नेमणारा भानावर लागतो. माझ्यासमोर रोज कुलमुखत्यारपत्रं येतात. लिहून देणारा वारला किंवा त्याची बुद्धी गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं, हे करार कायद्याच्या कलम २०१ मध्येच आहे. अंथरुणावरच्या आजोबांचा अंगठा घ्यायला आलेल्या नातवंडांना हे समजावताना माझी अर्धी दुपार जाते, असो.

इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचं हेच झालं. भ्रम झालेला राजा कुणाला काही देऊच शकत नव्हता. म्हणून १८११ मध्ये संसदेने कायदा करून त्याच्या मुलाला रीजंट, म्हणजे राजाच्या जागी काम बघणारा, केलं आणि १८२० मध्ये जॉर्ज वारेपर्यंत तो रीजंटच राहिला. याला मुतालकी म्हणता येणार नाही. सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' असा शेरा पाहिला असेल तुम्ही, अज्ञान पालनकर्ता. खातेदार अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, म्हणून त्याच्या नावाने दुसरा. रीजंट त्या जातीचा. सवाई माधवराव एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मले, पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाने पेशवाईची वस्त्रं झाली आणि कारभार बारभाईंनी पाहिला. त्या बाळाने काही कुणाला मुखत्यारी लिहून दिली नव्हती.

तेव्हा शब्द निवडण्याआधी विचारा, अधिकार राजाने दिला की राजाकडून होत नाही असं ठरवून इतरांनी दिला? चार्ल्सच्या बाबतीत राणीने दिला, जॉर्जच्या मुलाला संसदेने. दोघांना एकच मराठी शब्द लावलात तर लेख तिथेच पडला.

आणखी एक. जपानच्या अकिहितोंनी ऑगस्ट २०१६ च्या भाषणात रीजंट नेमण्याच्या वाटेबद्दल नाराजी दाखवली होती. रीजंट आला तरी काम न होणारा सम्राट मरेपर्यंत सम्राटच राहतो, ही त्यांची अडचण. मग खास कायदा झाला आणि ३० एप्रिल २०१९ ला ते निवृत्त झाले. त्यांच्यासाठी मुतालकीही नको नि पालनकर्ताही नको, सरळ 'गादी सोडली' लिहा.

कोथरूड_डेपो :
'राजप्रतिनिधी' का नको? कुणालाही कळेल.

नारायणपेठी :
कळेल, पण व्हाइसरॉय कळेल. रँडच्या काळात पोचाल.

मोडीवाचक :
शिवाय आपल्याकडे 'प्रतिनिधी' हे ठरलेलं पद होतं. राजाराम महाराजांनी जिंजीला असताना प्रल्हाद निराजींसाठी ते नव्याने निर्माण केलं. पुढे ते औंधकरांकडे राहिलं. औंध म्हणजे विद्यापीठापलीकडचं, मॉलवालं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं. त्या घराची गोष्ट तुमच्या लेखात चौकटीत घालण्याजोगी आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी सत्तरीला आले तेव्हा त्यांनी आपले अधिकार रयतेकडे दिले. १९३९ मध्ये औंधची राज्यघटना झाली, गांधीजींचा सल्ला होता आणि राजपुत्र अप्पासाहेब त्या कामात पुढे होते. वारस वाटा मागण्याऐवजी वडिलांबरोबर बसून वाटा सोडतोय, असं युरोपात शोधून दाखवा.

शनिवारातली :
'कारभार'वर कुणीच नीट बोलत नाहीये. गादी आणि कारभार हे दोन वेगळे शब्द आपल्या तोंडात इतके सहज आहेत त्याला कारण आहे. छत्रपतींची गादी साताऱ्याला, कारभार पुण्यात. १७४९ मध्ये शाहू महाराज गेले, १७५० मध्ये छत्रपतींचे अधिकार पेशव्यांकडे देणारा सांगोल्याचा करार झाला आणि जो काही पडदा उरला होता तोही गेला. वस्त्रं मात्र त्यानंतरही साताऱ्याहूनच यायची. त्यामुळे मराठी माणसाला 'गादी एकाची, कारभार दुसऱ्याचा' हे समजवावं लागत नाही.

पण म्हणूनच इंग्लंडच्या राणीला 'कारभार' लावायचा नाही! तिथला कारभार पंतप्रधानाकडे. चार्ल्सला आईकडून मिळाले ते मान. पुष्पचक्र वाहण्याचा मान, पदकं देण्याचा मान, भाषण वाचण्याचा मान. खरे अधिकार तर राणीच्या वतीने काम करणाऱ्यांना पूर्ण मिळतही नव्हते. राणीने स्पष्ट सांगितल्याशिवाय त्यांना संसद विसर्जित करता येत नव्हती, आणि कुणाला उमराव तर करताच येत नव्हतं.

'कारभार सोपवला' कुठे चालेल सांगू? लिख्टेनस्टाइनला. तिथल्या राजाकडे कायदा अडवण्याचा खरा अधिकार आहे. हान्स-आडामने १५ ऑगस्ट २००४ ला तो रोजचा कारभार मुलाकडे, आलोइसकडे दिला आणि स्वतः राजा राहिला. साताऱ्यासारखी ओढाताण नाही, बापाने राजीखुशीने दिलेलं.

टिळकरस्ता :
'मान' पटला. 'राजकर्तव्ये' लिहिलं होतं, ते कापतो, परिपत्रकाचा वास येत होता.

आता क्रियापद. 'अंग काढून घेतलं' म्हणावं तर त्यात कामचुकारपणा येतो. 'पायउतार' म्हटलं की कुणीतरी उतरवलं असं वाटतं, मंत्र्यांमुळे तो शब्द बिघडला. मला वाटतं हळूहळूपणा क्रियापदातच ठेवावा. 'राणी एकेक मान चार्ल्सकडे देत गेली.' मग 'हळूहळू' लिहावंच लागत नाही.

शनिवारातली :
देत गेली, छान. सुरुवातीच्या वर्षांसाठी 'हाताशी घेतलं' बघा. आमच्याकडे अजून म्हणतात, मुलगा हाताशी आला. म्हणजे नुसता मोठा झाला असं नाही, काम सांगावं आणि त्याने ते करावं इतका झाला. लक्ष्मी रोडवरच्या जुन्या पेढ्यांवर मुलगा असाच हाताशी घेतात. गल्ल्यावर तो बसतो, पण चेकवर सही वडिलांची.

गुळांबा :
चार्ल्सला हाताशी यायला सत्तर वर्षं लागली म्हणायचं का?

शनिवारातली :
अहो बाई, तो कधीचा आला होता. आईच थकली नव्हती.

टिळकरस्ता :
सध्या वाक्य असं ठेवतोय: 'राणी थकली तशी एकेक मान थोरल्या मुलाकडे देत गेली, गादी आणि शिक्का मात्र अखेरपर्यंत तिचाच.' पुढच्या परिच्छेदात लक्झेंबर्गला मुतालकी, जॉर्जच्या मुलाला रीजंट तसाच देवनागरीत. 'युवराज' एकदाच, आणि त्या वाक्यात यौवराज्याचा खुलासा. गुळांबाताई, चकलीचा धोका पत्करतोय.

दुय्यम_निबंधक :
'थकली' राहू द्या. संपादक 'वृद्धापकाळाने ग्रासली' करतील, करू देऊ नका. आपल्यात 'आई आता थकल्या' म्हणतात त्यात वय येतं, मान येतो आणि आजाराचं नावही घ्यावं लागत नाही.

नारायणपेठी :
पण मग 'थकल्या' करा. राणीला एकेरी आणि तुमच्या आईला अहोजाहो, हे कुठलं पुणं?

टिळकरस्ता :
लेखभर एकेरीच आहे, शाहूंपासून सगळ्यांचं बदलावं लागेल.

मोडीवाचक :
शाहू महाराजांचं तर बदलाच. बाकीच्यांचं संपादकांवर सोडा.