मदत हवी आहे: वर्डप्रेसमधे शॉर्टकट की बदलायची कुठून? (अर्जंट)

चाळकरीण
लोकहो पटकन सांगा, वर्डप्रेसमधे शॉर्टकट बदलायचं सेटिंग कुठे असतं? सगळे मेनू उघडून झाले. ब्लॉक (पानाचा एकेक तुकडा) डुप्लिकेट करायचं कंट्रोल शिफ्ट डी मला दुसऱ्या कशावर तरी टाकायचंय कारण ते दाबलं की क्रोम मधेच 'सगळे टॅब बुकमार्क करा'ची खिडकी उघडतं आणि ब्लॉक आहे तिथेच. दादरच्या एका फराळवाल्या काकूंच्या वेबसाइटचं पान आहे, चकली कडबोळी चिरोटे अनारसे, प्रत्येकाचा फोटो-नाव-भाव असा एक गट, तोच खाली खाली पाडत जायचं, संध्याकाळी लाईव्ह हवंय त्यांना. 'गुगल करा' कृपया सांगू नका.

सेंट्रल_स्लो
नुसतं वर्डप्रेस की वर एलिमेंटर वगैरे पेज बिल्डर? विंडोज की मॅक? काहीच लिहायचं नाही आणि वर अर्जंट.

चाळकरीण
साधंच हो, वरून काही नाही. विंडोज.

जुना_खोडकर
तसं सेटिंग दिलेलंच नाही, शोधणं थांबवा. शिफ्ट ऑल्ट एच दाबलंत की सगळ्या शॉर्टकटची यादी येते, पण ती नुसती बघायला. ऑटोहॉटकी टाका, बटणांची कामं बदलून देणारा प्रोग्राम आहे, एका ओळीत काम होतं, एफ8 दाबलं की कंट्रोल शिफ्ट डी जाईल. मी गेली कित्येक वर्षं सगळं त्याच्यावरच चालवतो, ईमेलच्या खालची सहीसुद्धा.

अभ्यासू_आगाऊ
खोडकर, तुमची ऑटोहॉटकी शेवटी कंट्रोल शिफ्ट डीच पाठवणार ना? आणि तेच क्रोम खातंय. म्हणजे फिरून भोपळे चौकात.
कोडमधून मात्र बदलता येतं. ब्लॉक एडिटर आपले शॉर्टकट नावानिशी नोंदवून ठेवतो, डुप्लिकेटचं नाव 'कोअर/ब्लॉक-एडिटर/डुप्लिकेट', त्याला अनरजिस्टर करायचं आणि त्याच नावाने नवीन कॉम्बिनेशन देऊन परत रजिस्टर करायचं. छोटं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा कोडचा तुकडा, पुरतं. भानगड एकच, आपली स्क्रिप्ट आधी पळाली तर एडिटर मागून येऊन जुनंच परत नोंदवतो. आणि कंट्रोल एन, टी, डब्ल्यू यांच्या वाटेला जाऊ नका, ते क्रोम पानापर्यंत पोचूच देत नाही.

जुना_खोडकर
चकलीच्या पानासाठी प्लगइन! धन्य आहे.

हातमाग
यासाठीच मी म्हणतो हे बिल्डर वगैरे सोडा आणि सरळ एचटीएमएल लिहा. एडिटर कुठलाही घ्या, हवे ते शॉर्टकट लावा, पानही हलकं होतं.

चाळकरीण
हातमाग, काकूंना उद्या भाव बदलायचा झाला तर तुम्ही जाणार आहात का दादरला?
ऑटोहॉटकी नाही चालणार, ऑफिसचा लॅपटॉप आहे, काहीही इन्स्टॉल करू देत नाहीत. आणि वैताग म्हणजे हे शॉर्टकट मधेच चालतं पण. सकाळी सलग पाच-सहा गट झाले, मग एकदम बंद.

सेंट्रल_स्लो
फायरफॉक्स वापरून बघा.

अभ्यासू_आगाऊ
फायरफॉक्समधेही कंट्रोल शिफ्ट डी म्हणजे सगळे टॅब बुकमार्कच.

ठाण्याची_माई
थांबा जरा. मधेच चालतं म्हणजे क्रोम खात नाहीये, नाहीतर कधीच चाललं नसतं. मराठी कशाने टाइप करताय? इनस्क्रिप्ट कीबोर्ड, विंडोजमधला मराठीचा?

चाळकरीण
हो मग, मराठी पान आहे तर मराठीतच टाइप करणार ना. त्याचा काय संबंध?

ठाण्याची_माई
तोच तर संबंध. इनस्क्रिप्टमधे डीच्या बटणावर हलन्त असतो आणि शिफ्ट धरलं की अ. वर्डप्रेस बघतं अक्षर कुठलं आलं ते. त्याला दिसतो अ, डी नाही, म्हणून ते सोडून देतं. मग क्रोमची पाळी, ते अक्षर बघत नाही, बटण बघतं, त्याला कंट्रोल शिफ्ट डी दिसतं आणि ते स्वतःची खिडकी उघडतं. आणि मधेच बंद का, तर विंडोजमधे दोन भाषा असल्या की डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडलं तरी भाषा बदलते, वर्डप्रेसचे निम्मे शॉर्टकट त्याच दोन बटणांवर, दाबता दाबता विचार बदलला की झालं. घड्याळाशेजारी भाषेचं चिन्ह बघा, विंडोज आणि स्पेसने इंग्लिश करा, मग दाबा.

सेंट्रल_स्लो
मग मराठीत कंट्रोल सी कसं चालतं?

ठाण्याची_माई
ते ब्राउझरच्या हातात, पानाच्या नाही.

गोडखाऊ_बोरिवली
अनारसे काय भाव आहेत? बोरिवलीला पाठवतात का? आणि गुळाचे की साखरेचे?

जुना_खोडकर
साखरेच्या अनारशाला अनारसा म्हणणाऱ्यांनी वेगळा धागा काढावा.

चाळकरीण
चाललं!! इंग्लिश केलं आणि एका फटक्यात डुप्लिकेट. पण माई, दर पदार्थाला भाषा बदलत बसू का आता?

ठाण्याची_माई
कशाला? इंग्लिश ठेवून आधी लागतील तेवढे रिकामे गट पाडून घ्या, मग मराठी करून वरून खालपर्यंत नाव-भाव भरत या. मधे एखादा वाढवायचा झालाच तर ब्लॉकच्या टूलबारवर तीन ठिपके आहेत, त्यात डुप्लिकेट आहे, तिथे भाषेचा प्रश्न येत नाही.

अभ्यासू_आगाऊ
माझ्या प्लगइनमधे ऑल्टवालं कॉम्बिनेशन दिलं असतं तर भाषा बदलावीच लागली नसती, ऑल्ट असलं की वर्डप्रेस बटणाचा कोड बघतं. हवं असेल तर लिहून देतो.

चाळकरीण
दिवाळीनंतर.
गोडखाऊ, गुळाचे, नगावर आहेत, पार्ल्याच्या पुढे पाठवत नाहीत.

सफरचंद_सेवक
सिस्टिम सेटिंग्जमधे कीबोर्ड, तिथे ॲप शॉर्टकट्स, प्लस दाबून ॲपच्या मेनूतल्या कमांडला हवं ते लावा. मॅकवर दोन मिनिटांचं काम.

चाळकरीण
विंडोज लिहिलंय वर.