एल्कवर मॅच बुलेट? मी तरी नाही वापरणार

मॅच बुलेट म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठी बनवलेली गोळी. ‘जी बुलेट कागदी निशाणावर पाचही बार एका भोकात बसवते, ती एल्कला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाला, का नको?’ हा मुद्दा ऐकायला बरा वाटतो, पण अचूकपणा हे अर्धंच काम. सिएरा ही बुलेट बनवणारी कंपनी स्वतःच आपल्या मॅचकिंग या मॅच बुलेटची शिकारीसाठी शिफारस करत नाही. तिच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक दिसतं आणि लोकांना वाटतं, ही आत जाऊन फुलणार, म्हणजे चपटी होऊन रुंदावणार. अहो, ते फुलण्यासाठी नसतंच! शिशावरचं धातूचं कवच बुडाकडे बंद असतं, टोकाकडे आवळत आणलं की तेवढं भोक उरतं. म्हणून कधी ती न फुलता आरपार जाते, तर कधी खांद्याच्या हाडावरच तिचा चुरा होतो आणि फुप्फुसं राहतात बाजूला. छोट्या हरणावर निभावेलही एखाद वेळी. ३०० किलोच्या एल्क नरावर वापरलीत, तर जखमी जनावराचा माग काढत फिरण्याची तयारी ठेवा.

त्यापेक्षा नोस्लर कंपनीची पार्टिशन ही शिकारीची बुलेट बघा. मधोमध आडवी भिंत. पुढचं शिसं फुलतं, मागचं वजन टिकवून आत घुसतं. १९४८पासून विकली जातेय, उगाच नाही. बर्जर कंपनीच्या हंटिंग (शिकारीच्या) बुलेट मॅचसारख्याच दिसतात, पण त्यांचं कवच मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं. बरगड्यांवर ठीक, तिरक्या कोनातून मी मारणार नाही.

आणि २०० यार्डांवर इंचभर इकडेतिकडे झालं तर एल्कच्या छातीला काय फरक पडतो?