मदत हवी आहे: पेरोव्स्काईटच्या खालचा इंटरफेस एक्सपीएसनं कसा बघायचा?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात एमएस्सी फिजिक्सला आहे, प्रोजेक्ट पेरोव्स्काईट सोलर सेलवर चाललाय. एफटीओ काचेवर (वीज वाहणारा थर दिलेली काच) टिन ऑक्साईड, त्यावर मिथिलअमोनियम लेड आयोडाईडची (हेच ते प्रकाश शोषणारं पेरोव्स्काईट स्फटिक) साधारण 500 नॅनोमीटरची फिल्म, सगळं स्पिन कोटिंगनं. फिल्म काळी चकचकीत येते, एक्सआरडी (स्फटिकरचनेची एक्स-रे चाचणी) पण झकास, पण सेलचा व्होल्टेज म्हणावा तसा येईना आणि मॅडम म्हणतायत घोळ ते दोन थर जिथं चिकटतात तिथंच, म्हणजे इंटरफेसला असणार, एक्सपीएस (एक्स-रे मारून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची एनर्जी मोजायची पद्धत) करून बघ.

आता एक्सपीएसला दिसतात वरचे फार तर 10 नॅनोमीटर, त्याखालचे इलेक्ट्रॉन बाहेर येईपर्यंत एनर्जी घालवून बसतात, मग अर्ध्या मायक्रॉनखालचं काय दिसणार? बाहेरगावाहून एक सॅम्पल मोजून आणलं त्यात लेड 4एफचा (शिशाच्या आतल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनांचा) मेन पीक 138 ईव्हीच्या (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) थोडा वर आणि 137 पाशी बारीक खांदा आलाय. हे मेटॅलिक लेडच (धातूरूप शिसं) ना? आर्गन आयनांच्या माऱ्यानं वरचा थर खरवडत खाली गेलं तर चालेल का? स्लॉट परत लवकर मिळत नाही आणि आपल्याकडच्या पावसात सॅम्पल जपायचं म्हणजे फार जिवावर येतं, कुणी केलं असेल तर सांगा की.

प्रतिसाद

आर्गन अजिबात नको. आयनांच्या माऱ्यानं पेरोव्स्काईट फुटतं आणि त्यातूनच मेटॅलिक लेड तयार होतं, मग मूळचं कुठलं आणि आपण केलेलं कुठलं कळायला मार्ग नाही. तुझा खांदा मेटॅलिक लेडचाच वाटतो पण तो वरच्या पृष्ठभागाचा, इंटरफेसचा नव्हे, आणि एक्स-रेखाली ठेवलं तरी वाढतो, म्हणून एकाच जागी लेडचा स्कॅन सुरुवातीला आणि परत शेवटी घे.

इंटरफेससाठी टिन ऑक्साईडवर 2, 5, 10 नॅनोमीटर असे चढते थर बसव. पातळ थरातून टिनचा 3डी पीक 486 ईव्हीच्या आसपास दिसत राहतो, तो कसा सरकतो त्यावरून इंटरफेसपाशी बँड (इलेक्ट्रॉनांच्या एनर्जीची पातळी) किती वाकलाय ते कळतं. फक्त स्पिन कोटिंगनं इतकं पातळ सलग बसत नाही, मधे मधे टिन ऑक्साईड उघडं राहतं, त्यामुळं व्हॅक्यूममध्ये इव्हॅपोरेशन जमतंय का बघ. सोबत 21.2 ईव्हीच्या हेलियम लाईटनं यूपीएस (एक्सपीएससारखंच, पण एक्स-रेऐवजी अल्ट्राव्हायोलेट) करून वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी कमीत कमी एनर्जी) पण काढ.

हार्ड (जास्त एनर्जीच्या) एक्स-रेवाली बीमलाईन इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनला आहे पण त्यानं पण फार तर वीस-तीस नॅनोमीटरच खाली जाता येतं, तुझ्या 500 ला पुरणार नाही. जाड फिल्मच बघायची असेल तर इपॉक्सीनं चिकटवून सोलून काढ आणि दोन्ही बाजू मोज. सॅम्पल नायट्रोजनमध्ये सील करूनच पाठव.

धागाकर्ता

लई आभार दादा. सोलल्यावर टिन ऑक्साईडच्या बाजूला लेड चिकटून राहिलं तर ते इंटरफेसचंच धरायचं का?