जपानी अरिसाका: कापून शिकारीची करायची, की आहे तशी ठेवायची?

अक्रोडी दस्ता (धागाकर्ता)

अमेरिकेत जुन्या लष्करी बंदुकांच्या बाजारात अरिसाका, म्हणजे जपानी सैन्याची जुनी रायफल, निघाली की हा वाद ठरलेला. त्यामुळे आधी कशाबद्दल बोलतोय ते सांगतो. एक, १९०५ ची टाइप ३८: ६.५ × ५० मिमीचं काडतूस, नळी ७९७ मिमी, एकूण लांबी सुमारे १.२८ मीटर. दुसरी, १९३९ ची टाइप ९९: ७.७ × ५८ मिमी, आखूड रूपात नळी ६५७ मिमी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी या घरी नेल्या आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं गल्लोगल्ली त्यांचे दस्ते कापले गेले.

माझं मत सरळ आहे. मूळ रूपातली अरिसाका आज कापणं म्हणजे नुकसान, आणि ते नुसतं भावनेचं नाही. तेव्हा कापायला कारण होतं. रायफल कवडीमोल होती, जपानी काडतूस दुकानात मिळत नव्हतं आणि हरणाच्या मोसमाला काहीतरी हातात हवं होतं. आता नॉर्मा, हॉर्नडी आणि सर्बियातली प्रवी पार्टिझान यांनी ही काडतुसं बाजारात आणली आहेत. शिकारीची नवी, हलकी, दुर्बिणीसाठी आधीच छिद्रं पाडलेली रायफल कापाकापीच्या मजुरीपेक्षा फार महाग पडत नाही.

कापताना काय जातं ते बघा. टाइप ९९ चा तारेचा एकपायी आधार, बोल्टवरचं (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांडीवरचं) धुळीचं पत्र्याचं झाकण, विमानावर नेम धरायला मागच्या साइटला दिलेले घडीचे पंख. हे सुटे भाग सगळ्यात आधी डब्यात जातात आणि मग कचऱ्यात. सगळ्यात वाईट म्हणजे दुर्बिणीच्या बैठकीची छिद्रं रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी भागाच्या, पुढच्या कड्यावर पडतात. बादशाही सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल आणि रायफलीचा प्रकार सांगणारी अक्षरं नेमकी तिथेच असतात. शरणागतीनंतर सोपवलेल्या बहुतेक रायफलींवरचं फूल घासून काढलेलं आहे. शाबूत फुलाची रायफल बहुधा रणांगणावरून उचललेली. दोन स्क्रूंसाठी ती खूण घालवायची?

लेथवाला

दादा, धागा चांगला आहे, पण तुमच्या डोळ्यापुढे पेटीतून काढलेली कोरी रायफल दिसतेय. बाजारात येणाऱ्या निम्म्या-अधिक तशा नसतात. बोल्टचा नंबर जुळत नाही, झाकण नाही, फूल घासलेलं, दस्ता चिरलेला. अशीची पूजा कशाला मांडायची?

आणि ही ॲक्शन, म्हणजे रिसीव्हर आणि बोल्टची जोडी, मुळात शिकारीच्या रायफलीसाठी उत्तम आहे. अमेरिकन बंदूक-कारागीर पी. ओ. ॲकली यांनी लष्करी ॲक्शन दारू वाढवत वाढवत फोडून पाहिल्या, त्यात अरिसाका सगळ्यांना पुरून उरली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन एनआरएच्या (नॅशनल रायफल असोसिएशन) तांत्रिक विभागाकडे आलेली एक टाइप ३८ तर प्रसिद्धच आहे. मालकाने रीमरचं (चेंबर कोरायच्या हत्याराचं) नळीत शिरणारं पुढचं टोक बारीक करून चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती मागची जागा, .३०-०६ या अमेरिकन लष्करी काडतुसाचं केलं आणि नळी मात्र ६.५ चीच ठेवली. म्हणजे ७.८२ मिमीची गोळी ६.७ मिमीच्या नळीतून पिळून निघत होती. रायफल शाबूत, मालकही शाबूत!

टाइप ३८ ला .२५७ रॉबर्ट्स या अमेरिकन शिकारी काडतुसाचं ६.५ पर्यंत तोंड रुंदावलेलं काडतूस द्यायचं, ही जुनी वाट का चालली ते समजून घ्या. जपानी ६.५ च्या पुंगळीची (काडतुसाच्या पितळी कवचाची) कड थोडी बाहेर आलेली, साधारण १२.१ मिमी. रॉबर्ट्सची कड १२ मिमी. त्यामुळे बोल्टच्या तोंडाला हात लावावा लागत नाही. जपानी पुंगळी बुडाशी बारीक आणि ५०.७ मिमी लांब, रॉबर्ट्सची जाड आणि ५६.७ मिमी. म्हणून रीमर जुनं चेंबर पूर्ण साफ करून नवं कोरतो, मधे जुना गाळा राहत नाही. काडतुसाची एकूण लांबीही मूळ मॅगझिनमध्ये बसते. नळी तीच, पीळ घट्ट असल्यामुळे लांब जड गोळ्या छान स्थिरावतात. एवढ्या कमी कामात इतकं चांगलं काडतूस दुसऱ्या कुठल्या जुन्या रायफलीत मिळतं सांगा.

पुंगळीवाली

लेथवालादादा, ती एनआरएची गोष्ट प्रत्येक धाग्यात येते आणि प्रत्येक वेळी चुकीचा धडा घेतला जातो. ॲक्शन टिकली म्हणजे पुंगळी टिकेलच असं नाही, आणि पुंगळी फाटली की गरम वायू तुमच्या डोळ्याकडे येतो.

कापणारे आणि जपणारे, दोघांनाही माझं एकच सांगणं: चेंबर काय आहे ते मोजल्याशिवाय गोळी झाडू नका. जुन्या स्पोर्टरवर (शिकारीसाठी कापलेल्या रायफलीवर) नव्या काडतुसाचं नाव कोरलेलं असेलच असं नाही. टाइप ९९ चं चेंबर .३०-०६ केलेलं असेल आणि त्यात ७.७ टाकलंत, तर पुंगळीचा खांदा चेंबरच्या खांद्यापर्यंत पोचत नाही. पुंगळी पुढे ताणली जाते आणि बुडाच्या थोडं वर आडवी फाटते.

मोजायचं असं. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो. नळी आणि चेंबर तेलमुक्त करा. चेंबरच्या पुढे दोन-अडीच सेंटीमीटरवर कापडाचा बोळा घट्ट बसवा. धातू ओता, गोठू द्या. अर्ध्या तासाच्या आत बाहेर काढा, कारण थंड होताना तो आधी आकसतो आणि मग फुगतो. ओतल्यापासून साधारण एका तासाने तो चेंबरच्या मापाचा होतो, व्हर्नियर तेव्हाच लावायचा. दुसऱ्या दिवशी मोजलंत तर आकडा मोठा येईल आणि चेंबर ढिलं आहे असं वाटेल.

टाइप ९९ च्या .३०-०६ रूपांतरात आणखी दोन अडचणी. .३०-०६ ची पुंगळी साडेपाच मिमी लांब, म्हणून मॅगझिनची खोली पुढे कोरावी लागते. आणि नळी ७.७ चीच राहते. तिची गोळी .३११-.३१२ इंच, .३०-०६ ची .३०८. बारीक गोळी नळीतल्या खाचा नीट पकडत नाही, निशाण्यावर गोळ्यांचा गट पसरतो. मग लोक दुर्बिणीला दोष देतात! मूळ ७.७ मध्ये .३०३ ब्रिटिशसाठी मिळणाऱ्या गोळ्या भरल्या की हाच त्रास गायब.

शेवटचं आणि महत्त्वाचं. जपानी शाळांतून कवायतीसाठी दिलेल्या बंदुका दिसायला अरिसाकाच, पण आतून गुळगुळीत नळीच्या आणि ओतीव धातूच्या. त्या खोट्या काडतुसांसाठीच होत्या. नौदलाची ओतीव रिसीव्हरची टाइप ९९ सुद्धा निघते. या दोन्हींना ना रीमर लावा, ना काडतूस.

अक्रोडी दस्ता

पुंगळीवालीताई, प्रतिसाद वाचनखूण केला.

लेथवाला, ॲक्शन मजबूत आहे हे मान्यच. पण "मजबूत आहे, म्हणून कापा" हे पटत नाही. उलट मजबूत आहे म्हणूनच मूळ काडतुसासह ती आजही वापरता येते.

"निम्म्या-अधिक खराब" म्हणताय त्यावर. नंबर न जुळणारी, फूल घासलेली रायफलही अभ्यासाला उपयोगी असते. टाइप ९९ च्या नंबराआधी वर्तुळात एक काना (जपानी लिपीतलं) अक्षर असतं, ते मालिका सांगतं. इरोहा या जुन्या जपानी वर्णक्रमाने ही अक्षरं लावलेली आहेत आणि एका मालिकेत ९९,९९९ पर्यंत नंबर. शिक्क्यावरून कारखाना कळतो: नागोया, कोकुरा, कोरियातलं जिनसेन वगैरे. (कोकुरा म्हणजे ९ ऑगस्ट १९४५ ला दुसऱ्या अणुबॉम्बचं पहिलं लक्ष्य असलेलं शहर. ढग आणि धुरामुळे विमान नागासाकीला वळलं.)

१९४५ च्या घाईतल्या रायफलींना लोक भंगार म्हणतात. घडीच्या साइटऐवजी एक स्थिर भोक, दस्त्याला लोखंडाऐवजी लाकडाची टाच, बोल्टची मूठ गोल अंड्याऐवजी साधा दंडगोल, सेफ्टीच्या टोपीवर वेल्डिंगचे ओघळ, नळीतलं क्रोमही गेलेलं. एका देशाचा पोलाद आणि वेळ कसा संपत गेला ते मालिकेनुसार दिसतं. तिला पॉलिश करून सुंदर शिकारीची रायफल बनवलीत, तर उरलं काय?

"दस्ता चिरलेला" म्हणताय तो बहुतेक वेळा चिरलेला नसतोच! जपानी दस्त्याची टाच खालून वेगळ्या तुकड्याने जोडलेली असते, लाकूड वाचवायला. तो सांधा सुकून दिसतो इतकंच.

खरा कापलेला असतो तो सैनिकाने बॅगेत मावावा म्हणून मधल्या पट्टीखाली करवतीने दोन तुकडे केलेला. तो सहज जुळतो. दोन पितळी आटेदार सळया, इपॉक्सी, आणि करवतीच्या पात्याइतकी, म्हणजे दीड-दोन मिमीची लाकडाची चकती मधे. ही चकती विसरलात तर पुढची पट्टी आणि नळीचं नाक जुळत नाही. वरून पट्टी बसली की सांधा दिसत नाही.

लेथवाला

चिरलेल्या टाचेचा मुद्दा मान्य, तेवढा मागे घेतो.

पण दादा, तुम्ही कापलेल्या रायफलींबद्दल काहीच बोलत नाही, आणि खरा प्रश्न तिथे आहे. १९५० मध्ये कुणीतरी नळी ५६० मिमीवर आणली, छिद्रं पाडली, पुढची साइट फेकली. आता तिला परत लष्करी रूप द्यायचं म्हणजे दुसऱ्या रायफलीचा दस्ता, पट्ट्या आणि साइट शोधा, आखूड नळीला जोड लावा. तरी ती खोटीच. त्यापेक्षा नीट शिकारीची करा. काम नीट केलं तर तीही एक रायफल आहे.

पुनर्स्थापनेच्या नावाखाली काही जण फूल परत कोरतात, ते मला कापण्यापेक्षा वाईट वाटतं. घासलेल्या जागी धातू खोलगट राहतो, पाकळ्यांच्या रेषा ओबडधोबड येतात, पण नवख्याला कळत नाही आणि तो दुप्पट पैसे देतो.

नीट काम म्हणजे काय, ते सांगतो. रिसीव्हरचा पृष्ठभाग कडक असतो. साधा एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचा) ड्रिल घसरून भोक तिरकं जातं. कार्बाइडने वरचा कडक थर पार करा, मग स्क्रूचे आटे पाडायला ६-४८ चा टॅप. घाई केलीत तर टॅप आत तुटतो आणि तो काढणं हे वेगळंच पाप. रिसीव्हरवर वायू बाहेर जायला भोकं ठेवली आहेत, टाइप ३८ ला दोन, टाइप ९९ ला एक. बैठकीचा स्क्रू त्यांत कधीही घालू नका. पुंगळी फाटली तर तीच तुमची वाट.

बोल्टची मूठ सरळ, ती दुर्बिणीला लागते. कापून खाली वेल्ड करताना उष्णता मागच्या तिरप्या खाचेपर्यंत गेली की ती मऊ पडते, आणि बोल्ट उघडताना घासून अडकायला लागतो. आत तांब्याचा गोळा, बाहेर ओलं फडकं, थोडं थोडं वेल्डिंग.

नळी आखूड केली तर टाइप ९९ च्या क्रोमवर लक्ष ठेवा. कापलेल्या तोंडाशी क्रोमचे पापुद्रे उठतात. तोंड लेथवर नव्याने, धारदार कार्बाइडने घ्यायचं, नाहीतर गोळी तिरकी सुटते. आणि अमेरिकेत रायफलीची नळी १६ इंचांच्या, म्हणजे ४०६ मिमीच्या खाली गेली तर वेगळाच कायदा लागू होतो. तिथपर्यंत जायचं कामच नाही.

आणि रूपांतर म्हणजे इतिहासाचा खून, असंही नाही. १९५१-५२ मध्ये टोकियोत अमेरिकन देखरेखीखाली सव्वा लाखांहून जास्त टाइप ९९ चं चेंबर .३०-०६ केलं गेलं. लांब काडतूस बसावं म्हणून रिसीव्हरच्या वरच्या भागात छोटी खाच घेतली. आज संग्राहक त्या खाचेची रायफल शोधत फिरतात.

अक्रोडी दस्ता

ती खाच एका ठरावीक कामगिरीची आहे, कुणाच्या गॅरेजमधली नाही, म्हणून शोधतात. पण आधीच कापलेल्या रायफलींबाबत सहमत. त्यांना हात लावायला माझी हरकत नाही. माझा धागा मूळ रूपातल्या रायफलींपुरता होता, पहिल्या ओळीतच तसं लिहायला हवं होतं.

अमेरिकेत संग्राहकांच्या परवान्यावर घेणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. ५० वर्षांहून जुनी रायफल तिथे चालते ती मूळ लष्करी रूपात. स्पोर्टर केलेलीला तो मार्ग मोकळा असेलच असं धरू नका, विकणाऱ्याला आधी विचारा.

सातारकर

बंदुकीतलं फार कळत नाही, पण सगळं वाचलं. गावाकडे कुणी हे करायला जाऊ नये म्हणून लिहितो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे "शिकारीची रायफल" हा मुद्दाच निकालात. आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा. वाद अमेरिकेतल्या मंडळींनीच घालावा.

ओल्ड जर्सीकर

दोन्ही बाजू पटल्या, मी कुंपणावर. एक प्रश्न: जुन्या स्पोर्टरचा दस्ता पॉलिश पेपरने घासून नवा करायचा विचार आहे. काही अडचण?

पुंगळीवाली

आहे. मूळ जपानी दस्त्यांवर उरुशीचं लाखेसारखं फिनिश असतं, ते झाडाच्या चिकापासून बनतं. अमेरिकेतल्या पॉइझन आयव्हीने अंगावर ज्या रसायनाने पुरळ येतो, त्याच कुळातलं. वाळलेलं फिनिश हाताला सहसा बाधत नाही, पण घासल्यावर उडणारी धूळ काहींच्या मनगटावर आणि डोळ्यांभोवती पुरळ उठवते. मोकळ्या हवेत, मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा. आधी दस्त्याला टाचेपाशी कुठे मूळ फिनिश उरलंय का ते बघा. पूर्ण वरवंटा आधीच फिरलेला असेल तर खुशाल घासा. काही शिल्लक असेल तर पेपर बाजूला ठेवा आणि आधी पांढऱ्या कापडाला जरा कोमट पाणी लावून मळ किती निघतो ते पाहा, बऱ्याच दस्त्यांना तेवढंच पुरतं.